स्तानाच्या नावाचं पाणी

"मीठ कमी आहे," वेता म्हणाली आणि खात्री करायला कोबीच्या पानातली आणखी एक खिम्याची गुंडाळी तिनं तोंडात टाकली.

"तिसरी खाऊन कळलं होय तुला?" स्ताना चुलीपुढून न वळता म्हणाली. "अशीच चाखत बैस. माझ्याच मयताच्या जेवणात मला उपाशी ठेव."

"मेलेली माणसं जेवत नसतात."

"मी कुठं मेलेय?"

हाच तर सगळा घोळ होता. मयताचं जेवण, त्या मुलखात त्याला पोमाना म्हणतात, ते घालायचं माणूस गेल्यावर. चार घरं जेवू घालायची, मेणबत्ती, पाव आणि एखादं भांडं गेलेल्याच्या नावानं शेजाऱ्याच्या हातात द्यायचं. इथं दिलेलं तिथं पोचतं. पण आपल्या मागं हे कुणी करील याचा ज्याला भरवसा नसतो, तो जिवंतपणीच आपली पोमाना आपल्या हातानं उरकून घेतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. स्तानाच्या आजीनंही उरकली होती. ती आजी त्यानंतर म्हणे इतकी जगली की जेवून गेलेले सगळे मेले आणि वाटलेल्या भांड्यांची झिजून चाळण झाली. शेवटी देवानं वरून निरोप धाडला, बाई, एक तर ये, नाहीतर पुन्हा जेवण घाल. आजीनं पुन्हा घातलं. त्या खेपेला पाद्रीच मेला. वेतानं ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की पाद्री मरायच्या आधीच तिचा हात क्रूस करायला उठायचा.

"तुला आजीसारखंच आयुष्य असलं तर?" वेतानं विचारलं.

"नाहीये. डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि त्याचंच तोंड उतरलं. मला त्याला धीर द्यावा लागला."

हे मात्र खरं होतं. स्तानाचे पाय संध्याकाळपर्यंत असे सुजायचे की सपाता कापून काढाव्यात. विहिरीपर्यंत जाऊन आली की छातीत कुणी भाता ओढतंय असं वाटायचं. विहिरीला ती आता जातही नव्हती. पाणी सांदू आणायचा.

सांदू तिचा एकुलता एक मुलगा. दाढीत पांढरे केस डोकावायला लागलेले, अंगानं रेडा, आणि अक्कल पाच वर्षांच्या पोराची, असं एका डॉक्टरनं सांगितलं होतं. स्तानाला ते कधी पटलं नाही. पाच वर्षांचं पोर खोटं बोलतं; सांदूला तेवढंही येत नव्हतं. जन्मताना गळ्याला नाळेचा फास बसला होता. सुईण म्हणाली मेला, तर हा शिंकला. तेव्हापासून त्याला मोजके शब्द होते. आई. पी. नाही. कुत्रा. बास. मधूनच झटका यायचा. तेव्हा कुणीतरी डोकं धरायला लागायचं, नाहीतर दगडावर आपटून फुटायचं. चुलीजवळ त्याला एकटं सोडायची सोय नव्हती. सकाळ-संध्याकाळची गोळी आलुबुखाराच्या मुरंब्यात लपवून द्यायची, आणि मुरंबा संपला की सगळी बोंब.

पण पाणी वाहण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या गावात माणूस गेलं की चाळिसाव्या दिवसापर्यंत त्याच्या नावानं रोज शेजारपाजारच्या घरी विहिरीचं ताजं पाणी न्यायचं. घरच्यानं दारात यायचं, मगभर प्यायचं, 'देव पोचवो' म्हणायचं आणि गेलेल्याचं नाव घ्यायचं. म्हणजे तिकडं त्याला तहान लागत नाही. पूर्वी हे काम पोरींचं असे. पोरी मोठ्या झाल्या, शहरात गेल्या, शहरातून परदेशी गेल्या. आता गावात माणसांपेक्षा खांबांवरचे करकोचे जास्त. मग हे काम सांदूकडं आलं. कुणी गेलं की त्या घरातली बादली रुमाल बांधून स्तानाच्या बाकावर येऊन बसायची, आणि दुसऱ्या सकाळी सांदू निघायचा. घोटभर पाणी कुणी पिऊन नाव घेईपर्यंत तो दारातून हलायचा नाही. पाऊस असो, बर्फ असो. गावातला एकही मेलेला माणूस सांदूमुळं तहानलेला राहिला नव्हता, आणि हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"या गावानं त्याचं पाणी प्यायलंय," स्ताना वेताला म्हणाली. "आता बघते, माझ्या बादल्या कोण नाकारतं ते."

बादल्या निळ्या होत्या, मुलाम्याच्या, झाकणाच्या. सात. डुक्कर विकून तिनं त्या बाजारातून आणवल्या होत्या आणि खाटेखाली अशा दडवल्या होत्या की वेतालाही आदल्या दिवशीपर्यंत वास लागला नाही. प्रत्येकीच्या कडीला नवा रुमाल, आत पाव, पावात मेणबत्ती. आणि प्रत्येक बादलीच्या पोटात आठवड्यातला एक वार, जो डोळ्यांना दिसत नव्हता.

वेताला तो वार आदल्या दिवशीच कळला होता. मग आपल्या गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली होती, "मला सोमवार दे. सोमवारी मी तशीही कुठं जात नाही."

सात वारांची कल्पना स्तानाला सुचायचं कारण डोरीना. डोरीना म्हणजे तालुक्याच्या गावात पोरासोरांसाठी, सांदूसारख्यांसाठी दिवसाचं केंद्र होतं, तिथली बाई. आठवड्यातून दोनदा तिची गाडी दारात यायची. सांदू आदल्या रात्रीपासून इस्त्रीचा सदरा घालून बसायचा. डोरीनानं त्याला गुंड्या लावायला शिकवल्या. स्तानानं चाळीस वर्षं लावून दिल्या त्या गुंड्या डोरीनानं एका हिवाळ्यात त्याच्या बोटांत उतरवल्या. त्या दिवशी तो घरी आला आणि रात्री झोपेपर्यंत गुंड्या लावत आणि काढत बसला. त्या दोन दिवसांत स्ताना चार तास सलग झोपायची, शेंगा निवडायची, वेताकडं जाऊन खोटं बोलायची. वसंतात केंद्र बंद पडलं. कुणी निरोप पाठवला नाही. सांदू इस्त्रीचा सदरा घालून फाटकात उभा राहिला, दुपार झाली, गाडी आली नाही. पुढच्या खेपेलाही उभा राहिला. त्याच्या शब्दांत 'डोरीना' हा एक शब्द वाढला होता, तो उन्हाळ्यापर्यंत पुन्हा गळून गेला.

उरलं होतं टेकडीपलीकडचं मोठं घर. ज्यांना कुणी नाही अशांचं. स्ताना एकदा ते पाहून आली होती. आत शंभर माणसं असतील आणि आवाज नव्हता. सगळ्यांच्या अंगात एकाच कापडाचे कपडे. एक माणूस खिडकीचा रंग चाटत होता, त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा चाटायला लागला. परतताना बसमध्ये ती शेजारच्या बाईला म्हणाली की मी राजवाडा बघून आले, सोन्याच्या खिडक्या आहेत. तिनं आयुष्यात मारलेल्या थापांपैकी ती एकच अशी की ती सांगताना तिला मजा आली नव्हती.

पोमानाच्या दिवशी अंगणात द्राक्षवेलीखाली मेज मांडलं. वारा त्या मुलखात असा की कोंबडीनं इथं अंडं घालावं आणि ते शेजारच्या गावात फुटावं. त्या दिवशी मात्र पान हलत नव्हतं. पाद्रीबाबा चार गावं सांभाळायचे, त्यांना घाई होती. त्यांनी गव्हाच्या गोड खिरीवर मंत्र म्हटले, वाइन शिंपडली आणि 'स्ताना, देवाची दासी' असं म्हणताना क्षणभर अडखळले, कारण ती दासी समोरच हाताची घडी घालून उभी होती आणि ते नीट म्हणतात की नाही हे बघत होती.

जेवण झालं. आलुबुखाराची दारू दोनदा फिरली. इलारिए, पूर्वीचा ट्रॅक्टरवाला, गावातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस, म्हणाला की मयत इतकं गमतीचं असेल तर मीही पुढच्या रविवारी मरतो. सगळे हसले. मग स्तानानं पहिली बादली उचलली आणि मेजाला वळसा घालून त्याच्यापुढं आली.

"घे इलारिए. माझ्या जिवाच्या नावानं. आणि मंगळवार घे."

"मंगळवार कसला, त्सात्सा?" गावात थोरल्या बाईला त्सात्सा म्हणतात, इलारिए स्वतः सत्तरीचा होता तरी तिला म्हणायचा.

"मी गेले की मंगळवारी सांदू तुझ्या घरी. सकाळची गोळी, दाढी, दोन वेळचं जेवण, आणि झटका आला तर डोकं धरायचं. बुधवारी दुसरं घर, गुरुवारी तिसरं. एकट्यानं पेलायचं हे ओझं नाही. मला माहीत आहे, मी एकटीनं पेललंय. म्हणून सात वाटे केले."

मेजावर कुणी काटा खाली ठेवला, त्याचा आवाज झाला. एक मधमाशी वाइनच्या पेल्यात पडून गरगरत होती आणि सगळ्यांना एकदम तिच्यात रस आला. पाद्रीबाबांनी ताटातलं हाड उलटून पाहिलं.

पण पोमानासाठी पुढं केलेली वस्तू नाकारता येत नाही. इलारिएनं बायकोकडं पाहिलं. बायको, सेवास्ता, बादलीकडं पाहत होती. मग तो उठला, त्यानं दोन्ही हातांनी बादली घेतली आणि म्हणाला, "देव पोचवो."

एकदा एकानं घेतल्यावर पुढच्याला नाही म्हणायचं जड जातं. गुरुवार मारिनेलानं घेतला, तिचं कोपऱ्यावर दुकान होतं; तिनं घेतला तो डोळे पुसत, आणि सांदूच्या गालाचा मुका घेतला. सोमवार वेतानं घेतला. बाकीचे वार रस्त्यातल्या उरलेल्या घरांत गेले. प्रत्येकानं 'देव पोचवो' म्हटलं. सांदू प्रत्येक बादलीच्या काठावरून बोट फिरवत होता आणि ती फाटकातून बाहेर जाताना पाहत होता.

त्या रात्री स्ताना झोपली ती सकाळी उन्हं तोंडावर आल्यावर उठली. वेताला म्हणाली, इतकी हलकी झाले होते की पलंगाला दोरीनं बांधून घ्यावं लागलं, नाहीतर खिडकीतून उडाले असते.

उन्हाळा तसाच गेला. लोक येता-जाता सांदूला हाक मारायचे. इलारिएनं तर एका मंगळवारी त्याला स्वतःहून बागेत नेलं आणि कलिंगडं खाऊ घातली. सांदू संध्याकाळी बियांनी भरलेली दाढी घेऊन परतला. स्ताना ती दाढी पुसत नव्हती, वेता येऊन बघेपर्यंत तिनं ती तशीच ठेवली.

मग करकोचे उडाले, आणि त्यांच्या पाठोपाठ मारिनेला आली. हातात निळी बादली, दोन्ही हातांनी धरलेली, कारण ती जड होती. साखर, तांदूळ, कॉफी, तेलाची बाटली. भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे तिला आईनं शिकवलं होतं.

"त्सात्सा, मी दुकान बंद करतेय. इटलीत काम मिळालंय. एक म्हातारा आहे, पडून असतो."

"करायचं काय त्याचं?"

"उठवायचं. न्हाऊ घालायचं, भरवायचं."

"दाढी?"

"दाढीपण."

"गोळ्या?"

मारिनेलानं होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे गुरुवारचंच काम की," स्ताना म्हणाली. "नुसते सगळेच वार गुरुवार."

मारिनेला रडली. पोरीचं शिक्षण आहे, घराचं छप्पर गळतंय, सगळं तिनं सांगितलं, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. स्तानानं तिच्या पाठीवर थोपटलं आणि सांगितलं की त्या म्हाताऱ्याला गोळी मुरंब्यात घालून दे, कळणार नाही. पाय चालत असते तर ती स्वतःही गेली असती. तिनं तसं म्हटलंही, आणि वर म्हणाली की इटलीतले म्हातारे तिला बघून उठून पळाले असते, तुझा धंदा बुडाला असता.

बादली बाकावर बसली.

त्यानंतर इलारिए आला. त्याला यायला वेळ लागला, कारण भादव्याच्या उन्हात त्याला लकव्याचा झटका येऊन अर्धं अंग गेलं होतं. तोंडाचा एक कोपरा खाली आला होता आणि तो मोठा आवाज त्या कोपऱ्यातून गळून गेला होता. सेवास्तानं एका हातात त्याला आणि दुसऱ्या हातात बादली धरली होती. बादलीत अक्रोड.

"आता माझ्याच गुंड्या ही लावते," तो म्हणाला. एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवत होता. "मेलेल्यानं दिलेलं परत देता येत नाही, त्सात्सा. तू आहेस, तोवरच काय ते. तुझ्या मागं ठेवून घेतली, आणि केलं नाही, तर ते माझ्या मानेवर."

स्तानाच्या तेव्हा लक्षात आलं की आपण कुठं चुकलो. ती बाकावर, बादल्यांच्या शेजारी बसली आणि तिला हसू आलं. मेलेल्याची भांडी घरोघर कायमची राहतात, कुणाची माय व्याली नाही परत करायची. तिनं घाई केली होती. पुरती मरून मग वाटल्या असत्या तर बादल्या चिकटल्या असत्या. पण मेल्यावर वाटायला तिच्या मागं कोण होतं? सांदू. आणि सांदूला वार सांगता येत नव्हते.

"बैस जरा इलारिए," ती म्हणाली. "अक्रोड फोडायला तरी माणूस पाहिजे."

तो बसला. त्याच्या चांगल्या हातात अक्रोड फुटत नव्हता. सांदूनं त्याच्या हातातून घेतला, मुठीत दाबून फोडला आणि गर परत त्याच्या तळव्यावर ठेवला.

एकदा वाट पडली की पडली. एक बादली पीठ घेऊन आली, एक मध घेऊन, एकीत अंडी होती आणि अंड्यांखाली गवत इतकं जपून पसरलेलं की एक फुटलं नव्हतं. कुणाची सून सांदूला घरात येऊ देणार नव्हती, कुणी मुलाकडं शहरात चालला होता. कुणाचं स्वतःचंच कुणी पाहत नव्हतं. गाव वाईट नव्हतं, हेच वाईट होतं. वाईट असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या. स्तानानं प्रत्येकाला बसवलं, कॉफी दिली, मारिनेलाचीच, आणि जाताना फाटकापर्यंत पोचवलं.

तालुक्याच्या नगरपालिकेची समाजसेवेची बाई आली तेव्हा बाकावर सहा बादल्या होत्या. ही बाईही चांगली होती. धापा टाकत आली, सांदूनं दिलेलं पाणी दोन मग प्यायली. स्तानानं तिला सात वारांची हकीकत सांगितली. बाई म्हणाली की तुम्ही जे केलंत तेच दुसरीकडं पगारी माणसं ठेवून करतात, शिकवलेली, गाडी घेऊन येणारी, आणि छान चालतं. आपल्याकडं डोरीना होती. मग ती खाली बघून म्हणाली, "आजी, एक सांगू? आत्ताच मोठ्या घरात नाव घालून ठेवू या. नंतर घाईत पाठवलं तर कुठंही कोंबतात. आधी नाव असलं तर खिडकीजवळची खाट मिळते."

"म्हणजे त्याचीही जिवंतपणीच पोमाना," स्ताना म्हणाली.

बाईला ते कळलं नाही, किंवा कळलं असेल. स्तानानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिला ती खिडकी दिसत होती. रंग चाटून चाटून लाकूड उघडं पडलेली.

बाई गेल्यावर वेता आली. काठी टेकत, रिकाम्या हातांनी.

"मी नाही परत देणार," ती आल्या आल्या म्हणाली. "पण मी तुझ्या आधी जाणार, हे तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"मग मला कशाला दिलीस?"

"आठवड्याची सुरुवात तरी बरी व्हावी म्हणून."

दोघी हसल्या. हसता हसता वेताला ढास लागली, तिला पाणी देताना स्तानाला धाप लागली, आणि दोघी एकमेकींच्या पाठी थोपटत बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मग स्तानानं तिला आजीची गोष्ट सांगितली. या खेपेला तिच्या गोष्टीत पाद्री मेला नाही. वेतानं हात अर्धा उचलला होता, तो तिनं पुन्हा मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी स्तानाला जाग आली ती घर गप्प असल्यानं. सांदू घोरत नव्हता. त्याची खाट रिकामी. तिनं हाक मारली, मग काठी शोधली, मग काठीशिवायच ओसरीवर आली. बाक मोकळा. साखर, अक्रोड, पीठ, मध, अंडी, जे जे आलं होतं ते मेजावर वेगवेगळं नीट काढून ठेवलेलं. बादल्या नव्हत्या.

तिच्या मनात पहिली आली ती विहीर. धावणं तिच्या नशिबात राहिलं नव्हतं. भिंत धरत, मग कुंपण धरत ती फाटकापर्यंत पोचली. आणि तिथून तिला तो दिसला. रस्त्याच्या मधोमध, इस्त्रीचा सदरा घालून, वरपर्यंत गुंड्या लावून, दोन हातांत दोन निळ्या बादल्या. त्याच्या मागं विहिरीच्या कट्ट्यावर उरलेल्या चार भरून ठेवलेल्या, कडीचे रुमाल वाऱ्यावर.

स्ताना कुंपणाला टेकली. तिला समजायला फार वेळ लागला नाही. जेवण झालं होतं. मेणबत्त्या झाल्या होत्या, पाद्री येऊन गेला होता. आणि आता रुमाल बांधलेल्या बादल्या एकेक करून त्यांच्या बाकावर आल्या होत्या. सांदूच्या जगात बादली घरी आली याचा एकच अर्थ होता.

तो इलारिएच्या दारात थांबला. कुत्रं भुंकलं, कुत्र्याला तो भ्यायचा, पण हलला नाही. सेवास्तानं दार उघडलं. तिनं सांदूला पाहिलं, त्याच्या हातातली बादली पाहिली, जी तिनंच परत केली होती. मग तिनं मान उचलून रस्त्यापलीकडं पाहिलं आणि तिला फाटकात उभी असलेली स्ताना दिसली.

मयताच्या पाण्याला नाही म्हणता येत नाही.

"पी," सांदू म्हणाला.

सेवास्तानं पाण्याचा मग हातात घेतला. डोळे मात्र स्तानावरून काढले नाहीत. प्यायली, ओठ पुसले. रस्ता रुंद नव्हता आणि सकाळ शांत होती, त्यामुळं स्तानाला स्वच्छ ऐकू आलं.

"देव पोचवो. स्तानाला."

सांदूनं मान हलवली आणि पुढच्या घरी गेला.

स्तानानं त्याला हाक मारली नाही. मारली असती तरी तो थांबला नसता. पाणी अर्धवट टाकून तो कधी परतला नव्हता. ती फाटकाला धरून ऐकत राहिली. एकेक दार उघडत होतं. कुणी कुजबुजत म्हणत होतं, कुणी घाईनं, एक म्हातारा तर रडत म्हणाला. स्तानाला. स्तानाला. जणू कुणी तिला मोठ्या घाईनं कुठं बोलवत होतं आणि तिचे पाय सुजलेले होते.

मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. सांदू परतला नाही. ती निघाली. कोपऱ्यापर्यंतच्या वाटेत तिला तीनदा थांबावं लागलं. एकदा सेवास्ता दारातून एक पाऊल पुढं आली आणि पुन्हा मागं गेली, आतून इलारिए तिला हाका मारत होता.

सांदू मारिनेलाच्या दुकानापुढं उभा होता. दुकानाला कुलूप होतं. मारिनेला इटलीत कुणाच्या तरी हनुवटीला साबण लावत असेल. सांदू हातात मग धरून दाराकडं पाहत होता. पाणी बरंच सांडून सदऱ्यावर आलं होतं, म्हणजे तो कधीचा उभा असणार. कुणी पिऊन नाव घेईपर्यंत तो हलणार नव्हता. संध्याकाळपर्यंत नाही, बर्फ पडेपर्यंत नाही.

"सांदू," ती म्हणाली. "घरी चल. इथं कुणी नाही."

"नाही," सांदू म्हणाला. आणि तिच्याकडं वळून हातातला मग पुढं केला. "पी."

स्ताना दुकानाच्या पायरीवर बसली. खाली बसताना गुडघ्यांनी जो आवाज केला त्यावर एरवी तिनं एखादी गोष्ट रचली असती. तिनं तो मग दोन्ही हातांनी घेतला. पाणी इतकं गार होतं की दात असते तर कळवळले असते. तिनं सगळं प्यायलं, तळाचा घोटसुद्धा. सांदू वाट बघत होता. त्याचे ओठ हलत होते, पुढचे शब्द तिनं म्हणावेत म्हणून.

"देव पोचवो," ती म्हणाली. "स्तानाला."

सांदूच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यानं बादलीत उरलेलं पाणी उंबऱ्यावर ओतलं, तसं करायची रीत आहे, तिच्या हातातला मग घेतला, सदऱ्याला पुसला आणि रिकामी बादली उचलून विहिरीकडं चालू लागला. तिथं अजून भरलेल्या बादल्या उभ्या होत्या, आणि उद्याही सकाळ होती.

स्तानानं उठायचा प्रयत्न केला. एक हात हवा होता. तिनं त्याच्या पाठीकडं पाहिलं. त्याचे हात मोकळे नव्हते. मग ती तशीच पायरीवर बसून राहिली, फिरून तो या दारी येईल त्याची वाट बघत.